बिनपदराचा पंप

गजेंद्रच्या अंगात सदरा ठरत नाही, ही कौशल्याबाईची तक्रार गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा पाठ झाली होती. भादवा लागून कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारे सुरू झाले की रोज सकाळी तोच पाढा. सदरे दोरीवर नांदतात अन् पोरगं वावरात उघडं नांदते, असं ती भांडी घासता घासता मोठ्यानं म्हणायची. ज्यानं ऐकायचं तो पाठीवर पंप अडकवून केव्हाच कोपऱ्यावरून वळलेला असायचा.

नुसतं उघडं अंग असतं तर तिनं चालवून घेतलं असतं. पण गजेंद्र ड्रममधलं औषध काडीनं ढवळत नसे. कोपरापर्यंत हात बुडवून तो ते घोळायचा, भोवतीच्या पोट्ट्यांकडे बघून हसायचा, हात मांडीला पुसायचा आणि त्याच बोटांनी तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी सोडायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पाठीवर पांढुरके ओघळ वाळलेले असत आणि त्याच्या अंगाचा वास वरणात उतरे. कौशल्याबाई त्याचं ताट ओट्यावरच सरकवायची. त्याच्या पाठीवर बसलेली माशी पुन्हा उठलेली तिनं कधी पाहिली नव्हती. गाव त्या फवाऱ्याला औषध म्हणे. ती एकटी जहर म्हणे. औषधानं माणूस उठून बसतो, ह्यानं बसलेला आडवा होतो, मग ते औषध कसलं, असा तिचा सरळ हिशेब होता.

नवरा साप चावून गेला तेव्हा गजेंद्र रांगत होता. तेव्हापासून वावर, बैल आणि पोरगं ही तिन्ही तिनं हातानं कमी आणि जिभेनं जास्त राखली. तिच्या बांधावर कोणाचं ढोर चढत नसे. ती दुसरीत शाळा सोडलेली बाई, पण ग्रामसेवक तिच्या दारावरून जाताना सायकलची घंटीही वाजवत नसे. एवढी तिची जीभ, पण ती या एका पोरावर चालेनाशी झाली होती.

बीटी कपाशी पहिल्यांदा गावात आली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, आता पंप खुंटीला टांगा, या बियाण्याला अळी शिवत नाही. दोन-चार सालं खरंच शिवली नाही. मग ती बोंडाच्या आत शिरली. बाहेरून बोंड हिरवंगार, टच्च, आणि फोडलं की आत गुलाबी किडा अन् कुजकी सरकी. त्या साली तर पाणी असं लागून राहिलं की पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. गडी दोन ओळींमधल्या तासात शिरला की वरून नुसती नळीची तोटी हलताना दिसे. वर मारलेला फवारा पानावरून फिरून मारणाऱ्याच्याच तोंडावर गळायचा. एका औषधानं भागेना म्हणून लोक दोन-तीन एकात ओतू लागले.

आणि गावात पोट्ट्यांची टोळी तयार झाली. ही सगळी बिनलग्नाची. शेतीत राबणाऱ्याला कोणी पोरगी देईना. गजेंद्रला घेऊन कौशल्याबाई हिवरा आश्रम या गावी निशिगंधा नावाची मुलगी बघून आली होती. मुलीनंच विचारलं, नोकरी कुठं आहे. गजेंद्र म्हणाला, घरचं वावर आहे. मुलगी कपबशा उचलून आत गेली ती परत आली नाही. चहा गार व्हायच्या आत सोयरीक गार झाली, असं कौशल्याबाईनं गल्लीत हसून सांगितलं. गजेंद्र मात्र त्या दिवसापासून घरात हसला नाही. तो टोळीत हसायचा. या पोरांना जगात कोणी मर्द म्हणायला तयार नव्हतं, म्हणून ती एकमेकांना म्हणत. पण फुकटात कसं म्हणणार? त्याच्यासाठी काही तरी करून दाखवावं लागे.

करून दाखवायची जागा होती माणिकरावाचं वावर. माणिकराव गावातला मोठा खातेदार. त्याची पऱ्हाटी अर्ध्या शिवारात पसरलेली. त्यानं एक तोड काढली होती. दिवस मावळताना ज्याचे पंप सगळ्यांत जास्त भरत, त्याच्या डोक्याला तो आपला केशरी फेटा बांधायचा आणि मोटरसायकलवर मागं बसवून चौकातून मिरवायचा. पण पंप मोजायचा कायदा पोरांनी स्वतः केला होता. तोंडाला फडकं बांधून मारलेला पंप धरायचा नाही. फडकं बांधलं की म्हणायचे, पदर घेतला. उघड्या तोंडानं, वाऱ्याच्या समोर चालत मारलेला, तो बिनपदराचा पंप. तोच खरा. माणिकराव स्वतः धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि नाकाला रुमाल लावून म्हणायचा, वाघ हाय रे माहे, वाघ. त्याच्या रुमालाला कोणी पदर म्हणत नसे.

फेटा बहुतेक दिवस गजेंद्रच्या डोक्यावर असे. चौकात गाडी थांबली की कौशल्याबाई आतून शिव्या द्यायची, पण एकदा दारात येऊन बघूनही जायची. पोरगं फेट्यात उंच दिसे, बापासारखं दिसे. मग स्वतःच्याच डोळ्यांचा राग येऊन ती ताट जास्तच जोरात आदळायची.

टोळीत एकटाच शहाणा होता, तो भिंतीपलीकडचा जाकीर. कौशल्याबाईची आणि फकीर मोहम्मदची मधली भिंत एक. फकीर मोहम्मद पिंजारी, गाद्या भरायचा आणि टेकडीखालचा जमिनीचा तुकडा कसायचा. जाकीर त्याचा थोरला. बापाचा लांब बाह्यांचा सदरा घालून, आईच्या जुन्या हिरव्या ओढणीचा तुकडा ओला करून तो तोंडाला गच्च बांधायचा. वाऱ्याकडे पाठ करून मारायचा. विहिरीवर साबण लावून धुतल्याशिवाय हात तोंडाला नेत नसे. त्याच्या आईचं नाव शाहजादी, म्हणून पोट्टे त्यालाच शाहजादी म्हणत. त्याला राग येत नसे. हाव, मी शाहजादी, तुमच्या नशिबी तर तेबी नाही बे, असं म्हणून तो सगळ्यांना गप्प करायचा. कारण त्याची सोयरीक झाली होती. बीबी गावच्या अलफियाशी. टोळीतला तो एकटाच असा, की ज्याच्यासाठी कोणी तरी कुठं तरी बसून होतं.

कौशल्याबाई त्याला सकाळी हटकून सांगायची, माह्या बैलावर ध्यान ठेव बाप्पा. तो म्हणायचा, काकी, बैलाले निदान वेसण असते. पण तो ध्यान ठेवायचा. गजेंद्रला गरगरलं की सावलीत बसवायचा, डोक्यावर पाणी ओतायचा. जाकीर बरोबर असला की तिचा घोर अर्धा होई.

त्या दिवशी पाऊस उघडला होता आणि ऊन चिडल्यासारखं पडलं होतं. भाकरी घेऊन ती माणिकरावाच्या वावरात गेली तर धुऱ्यावर हसण्याचा गलका. कडुनिंबाखाली, माणिकरावाच्या खुर्चीजवळ, इस्त्रीच्या कपड्यातला एक पाहुणा पोरगा बसलेला. तो आसिम, अलफियाचा मोठा भाऊ. लग्नाच्या तारखेचं बोलायला बीबीहून आलेला, घरी जाकीर नाही म्हणून वावरात पोचलेला. धुऱ्याच्या कडेला बाभूळ होती. तिच्या उंच फांदीला, काट्यात, हिरव्या ओढणीचा तुकडा झेंड्यासारखा फडकत होता.

तासातून जाकीर बाहेर आला. तोंड उघडं. ओठांवर, पापण्यांवर बारीक थेंब. पाठीमागून गजेंद्र, दात काढून.

"तुह्यं फडकं काऊन वर गेलं रे?" तिनं विचारलं.

जाकीरनं एकदा आसिमकडे पाहिलं, एकदा गजेंद्रकडे. मग म्हणाला, "गर्मी होऊन राह्यली, काकी. मीच टांगलं."

बाभळीला हात पुरत नाही, चढल्याशिवाय तिथं काही टांगता येत नाही, आणि काट्यांचे ताजे ओरखडे गजेंद्रच्या उघड्या छातीवर होते. कौशल्याबाईच्या ते ध्यानात आलं. ती दोघांना घाणघाण बोलली, फडकं काढा म्हणाली. पोट्टे हसले. माणिकराव म्हणाला, जाऊ द्या हो बाई, पोरांचा खेळ हाये. जाकीरनं पंप पुन्हा भरला आणि पाहुण्याच्या देखत, वाऱ्यासमोर, तासात शिरला.

दुपार कलली तेव्हा तो तासातून चालत आला नाही, पऱ्हाटी मोडत आला. गुडघ्यावर बसला आणि ओकू लागला. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली, थांबेना. माणिकराव म्हणाला, ऊन लागलं, ताक पाजा. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी पाठ चोळली. कौशल्याबाई आपल्या वावराकडे गेली होती, ती आरडाओरडा ऐकून पळत आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या घामानं तिचं लुगडं भिजलं. तिनं पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली आकसून मोहरीएवढी झाली होती. गाडी आणा म्हणून ती ओरडली. पण माणिकरावाच्या मोटरसायकलवर असा माणूस बसेना, आणि जीप यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच. अंगावरचा सदरा काढून त्याला धुवावं, हे तेवढ्या माणसांत कोणाच्या डोक्यात आलं नाही. जहरानं भिजलेल्या सदऱ्यासकट तो चिखलीच्या दवाखान्यात पोचला.

चिखलीहून त्याला पुढच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं नळ्या लावल्या. फकीर मोहम्मद पायऱ्यांवर बसून राहिला. आठवडा भरायच्या आत जाकीर घरी आला, तो चादरीत.

जनाज्याला गाव लोटलं. टोळीतले पोट्टे गेले, खांदा देऊन आले. माणिकराव गेला, गाडीवरून गेला आणि गाडीवरून आला. गजेंद्र गेला नाही. तो गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं बसून होता. कौशल्याबाईनं त्याला उठवलं नाही. भाकरी थापल्या, कोरड्यास केलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि भिंतीपलीकडे गेली, कारण त्या घरात चूल पेटली नव्हती.

फकीर मोहम्मद आल्यागेल्याला एकच सांगत होता. पोरगं माझंच बेफिकीर निघालं. किती डाव सांगितलं, फडकं बांधत जाय. डॉक्टर म्हणे तोंडातून गेलं, म्हणजे बांधलंच नसन. माझ्याच पोराले अक्कल नव्हती, दुसऱ्याले काय बोलू. हे बोलताना म्हातारा लाजल्यासारखा खाली बघायचा, जसं काही पोरगं मेलं नाही, चोरी करताना सापडलं. बसलेली माणसं माना हलवायची. त्यांच्यातली चार तरी त्या दिवशी धुऱ्यावर होती.

शाहजादी कोपऱ्यात होती. ती रडत नव्हती. कौशल्याबाई जवळ बसली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, त्याची हिरवी ओढणी कुठं आहे. दवाखान्यातून कपडे आले, त्यात नाही.

कौशल्याबाई घरी आली, गोठ्यात गेली. गजेंद्रनं सगळं सांगितलं, कडब्याकडे तोंड करून. आसिम समोर होता म्हणून त्यानं मुद्दाम केलं होतं. शाहजादी शाहजादी म्हणून हाका मारल्या. साळा बघून राह्यला, आता तरी मर्द हो बे, असं म्हणून फडकं ओढून काढलं आणि बाभळीवर चढला. मजाक होती, म्हणाला. जाकीर रोज हसायचा, त्या दिवशी हसला नाही, नुसता पंप भरायला गेला.

"मग जाय अन् हेच सांग," कौशल्याबाई म्हणाली. "पुढं मारतीन तर मार खाय. पर त्या बुढ्याले आपल्या पोराले बेअक्कल म्हनू देऊ नको. आधी ते फडकं काढून आन. तू टांगलं, तूच काढ."

तो हो म्हणाला. पण गेला नाही. उद्या जातो म्हणाला. मग त्यांचा दर्ग्यावर जायचा दिवस आहे म्हणाला, मग त्यांच्या घरात पाहुणे आहेत म्हणाला. फडकं बाभळीवर उन्हानं विटत राहिलं. कौशल्याबाई वावरात जाता-येता वर बघायची आणि मान खाली घालायची. आयुष्यात तिनं कोणासमोर मान घातली नव्हती. पण आता रस्त्यात फकीर मोहम्मद दिसला की ती गोठ्याकडे वळू लागली. रात्री त्या घरातलं खोकणं भिंतीतून येई, भांड्याचा आवाज येई. गजेंद्र पांघरुणात डोकं घालून पडे.

याच दिवसांत तो वावरात भलतंच करू लागला. माणिकराव फेटा बांधेनासा झाला होता, त्यानं टोळीला चार दिवस येऊ नका म्हणून सांगितलं होतं. तरी गजेंद्र जायचा. एकटाच मारायचा. उघडा, वाऱ्यासमोर, तोंड वर करून. टोळीतली पोरं चौकात दबक्या आवाजात म्हणायची, गज्याले दोस्ताचं लय लागलं, गज्या जिवावर उदार झाला. आणि कौशल्याबाईला त्यांच्या आवाजात तीच जुनी मिरवणूक ऐकू यायची, फक्त मोटरसायकल नव्हती.

शेवटी तीच शाहजादीकडे गेली. तिनं ठरवलं होतं, पोराच्या तोंडून फुटत नाही तर आईच्या तोंडून फुटू दे. शाहजादी सूप घेऊन बसली होती, मुगाची डाळ पाखडत.

कौशल्याबाई म्हणाली, "बाई, त्या फडक्याचं सांगायले आली."

शाहजादीनं सूप खाली ठेवलं नाही. "मले माहीत हाये," ती म्हणाली. "आसिमनं त्याच दिवशी सांगितलं, दवाखान्यात. मी ह्यायले सांगितलं नाही, नाही तर हे कुऱ्हाड घेऊन भिंत चढले असते. मले तुमच्या तोंडून नाही ऐकायचं, कौशल्याबाई. गजेंद्र माह्या घरात वाढला. ईदले शिरखुर्मा वाटीनं नाही, पातेल्यानं प्यायचा. म्हनून मी ओढणी विचारून राह्यली, सगळ्याइले विचारून राह्यली, का त्याच्या कानावर जाईन अन् तो येईन. रोज दार लोटून ठेवते मी, कडी लावत नाही."

डाळीतला खडा तिनं बाजूला टाकला आणि पुन्हा पाखडू लागली. कौशल्याबाईला बसवेना आणि उठवेना.

ती थेट वावराकडे निघाली. गजेंद्र घरच्या वावरात नव्हता, माणिकरावाच्याही नव्हता. टेकडीखालच्या तुकड्यात, फकीर मोहम्मदच्या पऱ्हाटीत, पंपाची घरघर ऐकू येत होती. जाकीर गेल्यापासून त्या वावरात कोणी शिरलं नव्हतं. तण मातलं होतं. बोंडं अळीनं खाल्ली होती, आता कितीही मारलं तरी हाती काही लागणार नव्हतं. हे गजेंद्रला तिच्याइतकंच कळत होतं. तरी तो मारत होता. छाती उघडी, तोंड उघडं, फवारा स्वतःच्याच अंगावर घेत. डोळे तांबडे झाले होते, हनुवटीवरून लाळ गळत होती, पाय तासात नीट पडत नव्हते.

तिला बघून तो थांबला. पंप चालूच होता.

"मी त्यायचं वावर मारून देतो, माय," तो म्हणाला. "पूर्ण. बिनपदराचं. मग मले काही झालं तर होऊ दे. फिटलं म्हनीन मी."

त्याच्या तोंडावर तिला तोच उजेड दिसला, फेट्याखाली दिसायचा तो. तिनं पुढं होऊन त्याच्या पाठीवरच्या पंपाचं बटण बंद केलं. घरघर थांबली. तोटीतून थेंब गळत राहिले. तिच्या बोटांना जहर लागलं, ते तिनं पुसलं नाही. त्याच्या हनुवटीला धरून तिनं त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, लहानपणी नाक पुसायला वळवायची तसं, आणि आवाज न चढवता बोलली.

"ऐक, गजेंद्र. तू आता मेला, तर हे पोट्टे म्हनतीन, दोस्तासाठी मेला, वाघ होता. माणिकराव फेटा आनून तुह्या मढ्यावर टाकीन. त्यासाठीच तू इथी उभा राह्यला, मले दिसते ते. पर मी तुले जन्म देला हाये, तुह्यी मिरवणूक मी निघू देणार नाही. शाहजादीनं सारं माहीत असून तुह्यासाठी दार उघडं ठेवलं, अन् तिच्या उंबऱ्यात उभं राहून चार शब्द बोलायचे होते, तेवढं तुह्यानं झालं नाही. चौकात, साऱ्या गावापुढं, तुह्या तिरडीपाशी उभी राहून मी हेच सांगीन, का माह्यं पोरगं औषधानं नाही मेलं, भेवानं मेलं. भेकड होतं."